मेल्यावर चहा मिळेल

मी माणसं मारायचा धंदा केला. ग्रामपंचायतीची त्याला हरकत नव्हती. देवळीच्या रस्त्यावर, बस थांबते त्या फाट्याला लागून माझं बरड रान आहे. तिथं माणसं मरायची. सुटीच्या दिवशी जास्त मरायची. मेलेला माणूस अंगावरची माती झटकायचा, बाकावर बसून चहा प्यायचा आणि पुन्हा रांगेत उभा राहायचा.

या अंकाच्या संपादक बाई म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा, लोकांना नवल वाटेल. मी चौथीपर्यंत शिकलो. लिहितो ते बोलल्यासारखंच होतं. पण एक गोष्ट आधी सांगून टाकतो, मागून फसवल्यासारखं नको. या धंद्यात आम्ही दोघं होतो, मी आणि माझी बायको विमल. विमल मागच्या थंडीत वारली. खरी. तेव्हापासून मैदान बंद पडलं आणि ते ठेवायचं की मोडायचं, हे मला एकट्याला ठरवायचं होतं. ते कसं ठरलं तेच सांगायचं आहे. बाकीचं मध्ये येईल.

आधी मी बिछायतवाला होतो. लग्नाचे मंडप, गाद्या, लोड, सतरंज्या. नवरात्रात देवीच्या मंडळांच्या झाक्या. आमच्याकडे झाकी नुसती बघायची नसते, तिच्यातून चालत देवीपर्यंत जायचं असतं. बांबू बांधायचे, गोणपाट ताणायचं, वरून रंग मारायचा, की डोंगर झाला. कापूस चिकटवला की बर्फ झाला. कापसाला वर्ध्यात तोटा नाही.

एका वर्षी बर्फाची गुहा केली. बांबू कमी पडले, म्हणून मधे छत खाली आलं. माणसाला आधी वाकावं लागायचं, मग बसावं लागायचं, मग रांगावं लागायचं. मला वाटलं, आता मंडळवाले शिव्या देतात. तर लोक दर्शन घेऊन परत रांगेच्या शेपटाला. त्यात एक पोरगी होती, प्राची. देवळीची. पुण्याच्या कंपनीसाठी कॉम्प्युटरवर गेम बनवायची आणि तेव्हा घरून काम करत होती. गुडघे पांढरे करून बाहेर आली आणि मला म्हणाली,

"काका, हा तर गेम आहे."

"ही गुहा आहे," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी."

दिवाळीनंतर ती वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला आमच्या घरी आली. मोबाईल काढून तिनं स्वतः बनवलेला गेम दाखवला. त्यात एक माणूस पळत होता. खड्ड्यावरून उडी मारायचा, वरून काही आदळलं की मरायचा, पुन्हा उठून पळायचा.

"हा काऊन पळून राह्यला?" मी विचारलं.

"पुढच्या टप्प्यावर जायला."

"मंग?"

"मग त्याच्या पुढच्या."

"अन् घरी कवा जाते?"

"गेममध्ये घर नसतं, काका."

विमल कोपऱ्यात गादीला टाके घालत होती. तिनं सुई थांबवली. "मंग हा जेवते कुठं?"

प्राचीनं मोबाईल खाली ठेवला. तिला म्हणायचं होतं की, हेच खरं बांधू. लोक बोटानं खेळतात ते पायानं खेळतील. मी विचार केला, लग्नं वर्षभर नसतात, रानात काही पिकत नाही. बांधून पाहू.

आता हे काम कसं असतं ते सांगतो. गेममधला माणूस पडला तर त्याचं काही मोडत नाही. खऱ्या माणसाचा घोटा मोडतो. म्हणून माणसाला सारखं वाटलं पाहिजे की आपण पडू, आणि पडला तर लागलं नाही पाहिजे. सगळी मेहनत या दोहोंच्या मधे आहे. बांबूच्या पुलात मधेमधे पट्ट्या नाहीत, पण खाली हातभर जाड गाद्या. ओंडक्यावरून ओंडक्यावर उडी, खाली गाद्या. गाद्या सगळ्या विमलच्या हातच्या. कापसाची गादी माणसाला धरते, फोमची उडवून लावते. पण कापूस दबतो, त्याचे गोळे होतात. गाद्यांना ऊन द्यावं लागतं, दरसाल उसवून कापूस पिंजून परत भरावा लागतो. ते ती करायची. गेममध्ये सोन्याच्या चकत्या गोळा करतात, त्याऐवजी मी बैलांच्या गळ्यातल्या घंट्या टांगल्या. हात लावला की वाजते. बैल राहिले नाहीत, घंट्या घरोघरी पडून आहेत.

आणि गोण्या. कापूस भरलेल्या गोण्या दोरानं टांगलेल्या. मी टाटामागे, म्हणजे बांबूच्या कुडामागे, बसून दोर ओढायचा, गोणी झुलत यायची, लागली की माणूस मेला. टाटाच्या फटीतून मला चेहरा दिसायचा. कंपनीची माणसं आली की साहेब पुढे आणि बाकीचे मागे चालायचे, का ते मला लवकर कळलं: पहिली गोणी पुढच्यालाच. फाट्यावरचं एक कुत्रं सगळे टप्पे बिनचूक पार करायचं. त्याला मी कधी गोणी मारू शकलो नाही.

चुका झाल्या. प्राचीनं सांगितलं, गेममधला माणूस स्वतःच्या दुप्पट उंच उडी मारतो. मी तसा चौथरा बांधला. ती बघायला आली, चौथऱ्यापुढे उभी राहून वर बघत राहिली.

"काका, याच्यावर कोण चढणार?"

"तोच. तुह्या मोबाईलमधला."

चौथरा अर्ध्यावर आणला. मग एकदा अवकाळी पाऊस पडला. रानाच्या एका कोपऱ्यात काळी माती आहे. तिथून जाताना पळणाऱ्यांच्या बुटांना चिखल धरला आणि प्रत्येक पावलाला बूट वाढत गेले. नागपूरची मंडळी होती. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाले, "तो पाय जड होणारा टप्पा एक नंबर होता." मग काय, उन्हाळ्यात मोटार लावून चिखल करावा लागायचा. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो आणि चिखल पिकवला.

पण खरी चूक दुसरीच होती. नियम प्राचीचा. एकच जीव. तो गेला की माणूस मेला, मागच्या फाटकातून बाहेर. पहिल्या दिवशी लोक मेले, फाटकाबाहेर आले आणि तोंड पाडून गाडीत बसायला लागले. एक नातू ओरडला, "आजी, मी मेलो!" आजीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "दिवे लागायच्या वेळी असं बोलते का रे, मेल्या!"

विमल तिथं टिनाच्या पडवीत गादी शिवत बसली होती. स्वतःसाठी तिनं चहा ठेवला होता. तिनं हाक मारली, "मेले ते इकडं या! चहा थंडा होते!"

सगळे मेलेले तिच्याकडे गेले. आजीपण गेली.

दुसऱ्या आठवड्यात विमलनं पाटी करून घेतली. पेंटर म्हणाला, काय लिहू? ती म्हणाली, "जे हाये ते लिवा." त्यानं लिहिलं: मेल्यावर चहा मिळेल. चहाबरोबर भजी आली. थंडीत सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची. मग लोक पहिल्याच गोणीला छाती पुढे करायला लागले. दोर ओढायच्या आधीच मरून पडायचे. प्राची चिडली.

"काकू, तुमच्यामुळे कोणी पुढं जात नाही!"

"पुढं काय ठेवलं हाये?" विमल म्हणाली.

पुढे शेवटच्या टप्प्यावर एक मोठी घंटा आणि प्राचीनं छापलेलं प्रमाणपत्र होतं. भज्यांपुढे ते टिकणार नव्हतं. पण पोरगी हुशार. ती दिवसभर पडवीत बसून बघत राहिली, आणि मग पडवी उचलून मैदानाच्या मधोमध ठेवायला लावली. आता मेलेल्यांना सगळे टप्पे दिसायचे. हातात चहा घेऊन ते जिवंत माणसांना सांगायचे, "डावीकडून जा! वाक! अरे वाक ना, गधड्या!" ज्यांना सल्ला मिळायचा ते पुढे जायचे. आयुष्यात ज्यांचं कोणी ऐकत नव्हतं असे लोक मेल्यावर फार खूश असायचे. धंदा त्याच्यानंच चालला.

एक बँकेचे साहेब यायचे. त्यांना मरण मान्यच नसायचं. "गोणी मला लागलीच नाही. हवा लागली. पुन्हा तपासा." टाटामागे येऊन माझा दोर तपासायचे. विमल कप पुढे करायची. "साहेब, मेल्यावर तक्रार चालत नाई. साखर किती टाकू?" साहेब म्हणायचे, अर्धा चमचा. पण हवाच लागली होती म्हणायचे.

आता डोमाजीचं सांगतो. त्यांच्यावर पुढचं सगळं आहे.

पाटी मधे आली तरी रस्त्यावरून वाचता यायची. एक दिवस फाट्यावर बस थांबली आणि पुलगावकडचं एक म्हातारं जोडपं उतरलं. डोमाजी आणि त्यांची बायको गिरजाबाई. आतल्या गावात त्यांच्या नात्यात कोणी वारलं होतं, तिथं भेटायला निघाले होते. घर माहीत नव्हतं. त्यांनी पाटी वाचली. आत बाकावर दमून मान टाकून बसलेली, मातीनं भरलेली माणसं पाहिली. एक बाई चहा देत होती. ते सरळ आत आले आणि बाकावर बसले.

मौतीच्या घरी आलेला माणूस लगेच विचारत नाही. आधी नुसतं बसायचं असतं. ते बसले. विमलनं चहा दिला, तो प्यायले. मग डोमाजीनं शेजारच्या इंजिनीअर पोराला हळूच विचारलं,

"जवळचं होतं का कोनी?"

"मीच गेलो ना काका. पहिल्याच गोणीत."

डोमाजीनं गिरजाबाईकडे पाहिलं. गिरजाबाई विमलकडे सरकली. "याच्या डोक्यावर परिणाम झाला वाटते, बाई."

"नाई वो," विमल म्हणाली. "इथं बसलेले सगळे मेलेलेच हायेत."

दोघं उठले आणि चालायला लागले. मौतीच्या घरून निघताना "येतो" म्हणत नाहीत, तसं काही न म्हणता. म्हातारपणी किती जोरात चालता येतं ते त्या दिवशी पाहिलं. विमल मागे धावली, हसता हसता तिला सांगताही येईना. शेवटी मी त्यांना टेम्पोत बसवून खऱ्या घरी नेऊन सोडलं.

त्यानंतर देवळीच्या बाजाराला जाता येता ते फाट्यावर उतरायचे. खेळले कधी नाहीत. सरळ पडवीत बसायचे, चहा प्यायचे. निघताना डोमाजी मुद्दाम काही बोलायचे नाहीत. विमल म्हणायची, "अवो, येतो तरी म्हना!" डोमाजी पाटीकडे बोट दाखवायचे. "मौतीच्या जागी म्हनत नसतात, बाई." दरवेळी तेच. दरवेळी दोघं हसायचे.

विमल एकदाच खेळली. बाहेरचं कोणी नव्हतं. पदर खोचला आणि निघाली. मी टाटामागे होतो. पूल पार केला, ओंडके पार केले, घंट्या वाजवत गेली. गोण्यांपाशी आली. मी दोर ओढला नाही. ती थांबली.

"ओढा ना! अशानं काय मजा हाये?"

"लागन तुले."

"गाद्या कोनाच्या हायेत?"

मी ओढला. गोणी लागली, ती गादीवर बसली आणि तिथंच हसत राहिली. मग म्हणाली, "आता मले चहा कोन देते?" मी दिला. त्या चुलीवर मी केलेला पहिलाच चहा. एक घोट घेऊन तिनं कप खाली ठेवला. "मेल्या माणसाले असा चहा देतेत का? तो उठून बसन."

मागच्या थंडीत तिला दम लागायला लागला. दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी केलं ते केलं, माझी कोणाबद्दल तक्रार नाही. तिला गाद्यांची काळजी होती. "ऊन देजा. कापूस गोळा झाला तं कोनाचा तरी पाय मोडन." मी हो म्हणालो. "चहापत्ती आणजा." मी हो म्हणालो. माझ्याशी ती शेवटचं बोलली ते चहापत्तीबद्दल. यापेक्षा काही वेगळं बोलली असती तर मला इथं लिहायला बरं झालं असतं.

स्मशानातून आलो, कडुलिंबाचा पाला चावला. घरात चूल पेटत नव्हती, शेजारचे डबे आणायचे. मी जेवायचो. लोकांना वाटतं म्हातारा माणूस दुःखानं जेवत नाही. भूक लागते. जेवून झालं की काय करायचं ते कळत नाही.

उन्हाळ्यात प्राची आली. मैदान सुरू करायचं का, म्हणाली. चहाला मशीन लावू. मग म्हणाली, काकूंचा आवाज आहे माझ्याकडे, व्हिडिओ काढला होता तेव्हाचा. पडवीत भोंगा लावू. तिनं मोबाईलवर लावला.

"मेले ते इकडं या! चहा थंडा होते!"

"बंद कर," मी म्हणालो.

"सॉरी काका."

"ते नाई. तिनं हाक मारली अन् मशीनचा चहा निंघाला, तं लोकं तिले नावं ठेवतीन."

प्राची रडली. मी पंखा वाढवला. मग सांगितलं, मी मोडतो हे. बांबू घ्यायला एक मंडपवाला तयार आहे. तिनं मोबाईल पिशवीत टाकला. मग म्हणाली, रान तुमचं आहे, काका.

पोळा झाल्यावर मी एकटाच गेलो. मोडायचं म्हणजे काही तोडायचं नसतं. सगळं सुतळीच्या गाठींवर उभं असतं, गाठी सोडत जायचं. आधी पूल सोडला. गाद्यांवर पाय दिला, तर दगडासारख्या झालेल्या. ऊन दिलंच नव्हतं. हो म्हणालो होतो. मग पडवीकडे आलो. कोपऱ्यातली पहिली गाठ सोडली, दुसरी सोडली. टिन एका बाजूनं खाली आलं.

तेवढ्यात फाट्यावर बस थांबली.

डोमाजी आणि गिरजाबाई उतरले. चिखलातून सावकाश आत आले. मी हातातली सुतळी तशीच धरून उभा. ते बाकावर बसले, टिन वाकलेलं होतं त्याच्या खाली, थोडे वाकून. काही बोलले नाहीत. मीही बसलो. फाट्यावरचं ते कुत्रं आलं आणि पायाशी पडलं.

बऱ्याच वेळानं डोमाजी म्हणाले, "देवळीच्या बाजारात समजलं. उशिरा समजलं. तुमचं घर ठाऊक नोव्हतं. हेच ठाऊक."

"मोडून राह्यलो," मी म्हणालो.

"दिसून राह्यलं."

 मग गिरजाबाई पाटीकडे बघत म्हणाली, "अन् चहा?"

मौतीच्या घरी पाहुणा चहा मागत नाही. तिनं मागितला. मी उठलो. चूल थंडीपासून पेटली नव्हती, राखेत मुंग्या झाल्या होत्या. त्या झटकल्या, काड्या लावल्या. तिथल्या डब्यात चहापत्ती नव्हती. पण टेम्पोत पुडा होता. दवाखान्यातून परत येताना घेतला होता, ती म्हणाली होती म्हणून, आणि तो तसाच पुढच्या खणात पडून होता. दूध नव्हतं. काळा चहा केला, गूळ टाकून. धूर डोळ्यांत गेला, ते बरं झालं.

गिरजाबाईनं घोट घेतला. डोळे मिटून पूर्ण प्यायली. डोमाजी अर्ध्यावर थांबले.

"बाईले पाजला होता का कवा असा?"

"एकडाव."

"काय म्हने?"

"मेलेला उठून बसन म्हने."

डोमाजी हसले. मग हसता हसता टोपी काढून तोंडावर धरली आणि तसेच बसून राहिले. गिरजाबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी चुलीतलं लाकूड पुढे सारत राहिलो. त्याला गरज नव्हती.

परतीच्या बसची वेळ झाली. दोघं उठले, फाट्याकडे निघाले. फाटकापाशी डोमाजी वळले. एवढी वर्षं जे त्यांनी खेळाच्या मौतीला म्हटलं नाही ते खऱ्या मौतीला म्हणाले, चांगलं मोठ्यानं:

"येतो!"

अशा वेळी घरच्यांनीही "या" म्हणायचं नसतं. मी म्हणालो, "या."

बस गेली. मी टिन वर उचलून गाठी परत मारल्या. सुतळी जुनी झाली होती, दुसऱ्या दिवशी नवी आणली. गाद्या उसवून कापूस पिंजून आणला, भरला, टाके मी घातले. वाकडे आहेत. माणूस पडताना टाके बघत नाही.

मैदान परत सुरू आहे. भोंगा नाही, मशीन नाही. दोर आता प्राची ओढते. तिचा नेम माझ्यापेक्षा बरा आहे, कुत्र्यालाही एकदा गोणी लागली. ते तेव्हापासून तिच्याशी बोलत नाही. मी पडवीत असतो. हाक मारतो, "मेले ते इकडं या." माझा आवाज विमलसारखा लागत नाही, पण लोकांना समजतं. चहा माझ्या हातचा असतो.

म्हणून आजकाल लोक फारसे मरत नाहीत. एकदा चहा प्यायलेला माणूस दुसऱ्या वेळी जीव तोडून पळतो आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचतो. प्राचीला प्रमाणपत्रं पुन्हा छापून आणावी लागली. बँकेचे साहेबसुद्धा परवा मोठी घंटा वाजवून आले.

बाकावर बहुतेक वेळा डोमाजी आणि गिरजाबाईच असतात. कपात उरतं ते दोघं माझं लक्ष नाही असं पाहून बाकाखाली ओततात. तिथं आता गवत उगवत नाही.